ब्रेक लावला होता, तरी बाबा पडले

मागच्या अंकात लिहिलं होतं की व्हीलचेअरबद्दल आणि पडण्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढी पत्रं आलीत की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि राहिलेले पुढच्या वेळी. आधीच सांगते, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे उठणं-बसणं, अंघोळ अशी रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी बंद करू का, डोस कमी करू का असलं मला विचारू नका. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती. धावत्या खुर्चीतून पडलेले फार थोडे, बहुतेक सगळे खुर्ची जागेवर उभी असताना पडलेत, बसताना, उठताना, नाहीतर खाली पडलेलं काहीतरी उचलताना. आणि सगळी काळजी मात्र रस्त्याची आणि उताराची.

*ताई, माझ्या बाबांना आठ महिन्यांपूर्वी पॅरॅलिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेली, आता आधार दिला की उभे राहतात. मागच्या आठवड्यात पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची मागे सरकली आणि दोघंही खाली. ब्रेक लावला होता, मी स्वतः लावला होता. आता आई मला हातच लावू देत नाही, म्हणते तुला जमत नाही. माझं काय चुकलं?*

ब्रेक लावला होता यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण लावलेला ब्रेक आणि धरलेला ब्रेक यात फरक असतो. व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे काय तर एक छोटी दांडी टायरवर दाबून बसते, बस एवढंच. टायरमधली हवा कमी झाली की टायर आत दबतो आणि दांडी नुसती टेकल्यासारखी होते, हाताला वाटतं लागला, पण चाक फिरतं. किंवा ब्रेकचा नट सैल होऊन अख्खा ब्रेकच थोडा पुढे सरकलेला असतो. आजच बघा, दोन्ही ब्रेक लावा आणि रिकामी खुर्ची जोरात ढकला. चाकं फिरली तर हवा भरा, तरीही फिरली तर ब्रेक टायरच्या जवळ घ्यायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. चाकं न फिरता अख्खी खुर्ची घसरत गेली तर दोष फरशीचा, गुळगुळीत नाहीतर ओली असणार, मग खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवत जा. (आणि हा ब्रेक चालत्या खुर्चीचा वेग कमी करायला अजिबात नाही. उतारावर तो मारला की चाक एकदम अडतं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो.)

आता उठवण्याचं. खुर्ची पलंगाला समोरासमोर लावू नका, पलंगाला खेटून थोडी तिरकी, ३० ते ४५ अंशात, आणि बाबांच्या चांगल्या म्हणजे उजव्या हाताला. लोक इथे काय करतात, पलंगावरून खुर्चीत घेताना बरोब्बर उजवीकडे लावतात आणि परत पलंगावर नेताना खुर्ची आहे तिथेच, म्हणजे आता पलंग झाला डावीकडे, लुळ्या बाजूला. परत जाताना खुर्ची फिरवून घ्यायची, पलंग उजव्या हाताला आला पाहिजे. वैताग आहे मान्य, पण करायचंच.

मग फूटरेस्ट, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्या. माझ्या मते ब्रेकपेक्षा जास्त माणसं या दोन पट्ट्यांनी पाडलीयेत. नुसत्या वर उचलून भागत नाही, बाजूला वळवता येत असतील तर वळवा, काढता येत असतील तर काढूनच ठेवा. खाली असलेल्या फूटरेस्टवर पाय देऊन माणूस उठायला गेला की सगळं वजन पुढच्या छोट्या चाकांच्याही पुढे पडतं आणि खुर्ची मागून उचलली जाऊन त्याच्यासकट पुढे पालथी होते, ब्रेक लावलेला असो वा नसो.

बाबांना आधी पलंगाच्या कडेपर्यंत पुढे सरकवा. पाय जमिनीवर सपाट, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. मग त्यांना पुढे वाकू द्या, नाक गुडघ्यांच्या पुढे यायला हवं, आणि मग उठायचं. आपण काय करतो, समोर उभं राहून सरळ वर ओढतो. सरळ वर कोणीच उठत नाही हो, तुम्ही स्वतः खुर्चीतून उठून बघा, आधी वाकावंच लागतं. तुमचे हात त्यांच्या कमरेला, कमरेचा ट्रान्सफर बेल्ट मिळतो तो बांधून त्याला धरलंत तर उत्तम. काखेत हात घालून उचलू नका, लुळ्या बाजूचा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो, तो खेचला की सांध्यातून निसटायला लागतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. तुमच्या मानेला मिठी मारू देऊ नका. त्यांच्या डाव्या गुडघ्याला तुमचा गुडघा टेकवून ठेवा म्हणजे तो वाकून दगा देणार नाही. वळल्यावर पायाच्या मागच्या बाजूला खुर्ची लागली, उजवा हात आर्मरेस्टवर गेला, की मगच बसायचं. धपकन नाही.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीये पण मला विचारावंसं वाटतं. बाबा डावा ब्रेक लावायला विसरतात का? डावा पाय पट्टीवरून घसरून खाली फरफटतोय हे त्यांना कळत नाही? जेवताना ताटाची डावी बाजू तशीच राहते? डावी बाजू जाते म्हणजे मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेली असते आणि त्यात काही जणांना डावीकडे काही आहे याचं भानच राहत नाही, शिवाय मला सगळं जमतंय असं मनापासून वाटत असतं. तो हट्ट नसतो. आजाराचाच भाग आहे तो. अशांसाठी डाव्या ब्रेकला लांब दांडी बसवून तिला भडक रंगाची टेप गुंडाळा आणि रोज उठायच्या आधी दोघांनी मोठ्याने म्हणायचं, उजवा ब्रेक, डावा ब्रेक, उजवी पट्टी, डावी पट्टी. पहिल्या आठवड्यात लाज वाटते, मग सवय होते.

आईंचं म्हणाल तर पुढच्या वेळी फिजिओकडे दोघी जा आणि दोघींनी त्यांच्या समोर बाबांना उठवून दाखवा. तुम्हीच चुकता असं नसणार, आई पण काखेतच धरत असतील.

*दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून काढलेत, दीड वर्ष झालं. खुर्ची स्वतः चालवतो, हात चांगले आहेत. पण रॅम्प चढताना दोनदा मागे उलटलोय, एकदा तर जागेवरच, मागे वळून काहीतरी घ्यायला गेलो आणि गेलो. सगळे म्हणतात हळू चालव. हळू चालवूनच उलटलो.*

दादा, हळूचा काही संबंध नाही, तुमची खुर्ची तुमच्या शरीराची नाहीये. साधी खुर्ची बनवतात ती पायांचं वजन पुढे आहे असं धरून. तुमचे पाय नाहीत म्हणजे पुढचं वजन गेलं, शरीराचा तोल मागच्या चाकांच्या जवळ आला, आता थोडं मागे झुकलं की झालं. उपाय ठरलेला आहे. मागच्या मोठ्या चाकांचा अॅक्सल, म्हणजे चाकं ज्यावर फिरतात तो आस, मागे सरकवायचा. काही खुर्च्यांमध्ये त्यासाठी भोकं असतातच, नसली तर वेगळी प्लेट बसवून मिळते, पाय गमावलेल्यांसाठीची म्हणून मागा. त्याने खुर्ची वळवायला थोडी जड होईल, ढकलायला हात जास्त मागे न्यावा लागेल, पण सहजी उलटणार नाही. आणि अँटी-टिपर, म्हणजे मागे खाली ती दोन चिमुकली चाकं असतात ना, ती लावाच. बऱ्याच जणांकडे असतात पण फुटपाथच्या कडेला अडतात म्हणून वर फिरवून ठेवलेली असतात आणि नंतर खाली करायची राहून जातात.

पाठीमागच्या हँडलला बॅग लावता का? लावत असाल तर आजपासून सीटखाली. माझीच गंमत सांगते, शिकत असताना आम्हाला एक अख्खा दिवस व्हीलचेअरवर काढायला लावला होता, मी हुशारीने पुस्तकांची बॅग मागे अडकवली, दिवसभर ठीक, संध्याकाळी मी खुर्चीतून उठले आणि खुर्ची धाडकन मागे पडली ती थेट सरांच्या पायावर. मी बसले होते तोवर माझ्या वजनाने बॅग तोलली होती एवढंच. तुमच्या बाबतीत तर ते तोलणारं वजनही कमी आहे.

रॅम्प चढताना छाती पुढे, हनुवटी पुढे, आणि लांब जोरदार धक्क्यांऐवजी छोटे छोटे. पण आधी तो रॅम्पच मोजा. १ इंच उंचीला १२ इंच लांबी हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी धरतात, म्हणजे ६ इंचाच्या एका पायरीला ६ फूट. लोक दोन फुटांची फळी टाकून रॅम्प केला म्हणतात, तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे, तिथे कोणीतरी मागे असल्याशिवाय चढू नका. मदतनीस असेल तर तीव्र उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी, पाठ उताराकडे, मदतनीस खालच्या बाजूला आणि तो मागे बघत उतरणार. पायरी किंवा फुटपाथ उतरतानाही तसंच, मोठी चाकं आधी.

वस्तू घेताना मागे वळूच नका, खुर्ची वळवा. पुढे वाकून काही उचलायचं असेल तर एक युक्ती आहे, थोडं पुढे जाऊन मग खुर्ची जराशी मागे घ्या, म्हणजे पुढची छोटी चाकं गर्रकन फिरून पुढच्या दिशेला येतात, खुर्चीचा पाया तेवढा लांब होतो आणि पुढे कलंडत नाही. मांड्यांच्या मधून हात घालून नको, बाजूने घ्या.

आणि पडायला शिका. गंमत नाही करत आहे. मागे जायला लागलात की हनुवटी छातीला चिकटवायची, डोकं आपटत नाही. हात मागे टेकवायचा मोह आवरायचा, मनगट मोडतं आणि तुमची तर हात हीच गाडी आहे. हे गादीवर, मागे जाणकार माणूस उभा करून शिकायचं, एकट्याने अजिबात नाही.

*सासूबाई बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला धरून उठतात, ती हलायला लागलीये. ग्रॅब बार सांगितला तर म्हणतात हॉस्पिटल करायचंय का घराचं. आणि रात्री बेल न वाजवता एकट्याच जातात.*

टॉवेलची दांडी टॉवेलसाठी असते, ती निघणार, प्रश्न फक्त कधी. ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायला भिंतीत बसवायचा दांडा, सव्वा ते दीड इंच जाडीचा घ्या म्हणजे मुठीत नीट बसतो, आणि भिंतीत पक्का, नुसत्या टाइलमध्ये नाही. अमेरिकेच्या नियमात त्याने २५० पौंड म्हणजे साधारण ११३ किलोचा भार सोसला पाहिजे असं आहे, त्यावरून मिस्त्रीला अंदाज द्या. व्हॅक्यूमने चिकटणारे मिळतात ते वजन टाकायला नकोत, कधी सुटतील सांगता येत नाही. कुठे लावायचा हे मिस्त्रीला ठरवू देऊ नका, सासूबाईंना कमोडवर बसवा, उठताना त्यांचा हात आपोआप कुठे जातो ते बघा आणि तिथे पेन्सिलीने खूण करा. हॉस्पिटलसारखा दिसतो ही तक्रार खरी आहे, स्टीलचा चकचकीतच घ्यावा असं काही नाही, रंगीत मिळतात, आणि भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा असला तर कमी दिसणाऱ्यांना उलट चांगला.

दार बाहेर उघडणारं करून घ्या. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि तुम्ही बाहेर. कडी बाहेरून उघडता येईल अशी. चाकांची कमोड खुर्ची वापरत असाल तर तिच्या चारही चाकांना ब्रेक आहे का बघा, पुष्कळांना दोनच असतात. अंघोळ झाल्यावर आधी फरशी कोरडी, पाय कोरडे, आणि मगच उठवून खुर्चीत घ्यायचं.

रात्रीचं जास्त महत्त्वाचं. झोपेतून उठून घाईने निघालं की रक्तदाब एकदम पडू शकतो. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टर त्याकडे लक्ष देतात, तेव्हा बीपी एकदा आडवं असताना आणि एकदा उभं राहिल्यावर मोजून घ्या, बसूनच मोजलेल्या बीपीत हे कळत नाही. उभं करणं जमत नसेल तर पाय खाली सोडून बसवून मोजा, काहीतरी कळतं. झोपेच्या, बीपीच्या, लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या असतील तर सगळी यादी डॉक्टरांसमोर ठेवा. उठायच्या आधी पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं बसायचं, पावलं वरखाली हलवायची. पलंगापाशी भांडं किंवा कमोड खुर्ची, आणि हालचाल झाली की आपोआप लागणारा दिवा. बेल त्या वाजवणार नाहीत. सुनेला रात्री दोनला उठवायचं म्हणजे संकोच वाटतो हो, त्यापेक्षा पडलेलं परवडलं असं वाटणाऱ्या पिढीतल्या आहेत त्या. म्हणून बेलच्या भरवशावर राहू नका.

*बेल्ट पोटावर बांधायचा की छातीवर? आजोबा सारखे खाली घसरतात.*

दोन्हीकडे नाही. मांडी आणि पोट जिथे दुमडतं तिथे, खुब्याच्या हाडांवरून, सीटशी साधारण ४५ अंशात खाली खेचणारा, आणि आत दोन बोटं जातील इतका. पोटावरचा बेल्ट घसरणाऱ्या माणसाच्या छातीपर्यंत आणि मग गळ्यापर्यंत येतो, जीव जाऊ शकतो त्यात, म्हणून घसरणाऱ्याला नुसता बेल्ट घट्ट करणं हे उत्तर नाही. घसरतात का ते शोधा. सीट फार खोल असेल, पाठ टेकवल्यावर गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं जागा राहायला हवी, ती नसली की माणूस पुढे सरकूनच बसतो. फूटरेस्ट फार खाली असतील आणि पाय लोंबकळत असतील. सीटचं कापड झोळीसारखं खाली गेलं असेल. कुशन उलटं घातलं असेल, हे इतक्या घरांत बघितलंय की आता जाऊन आधी तेच तपासते. किंवा ढुंगण दुखत असेल, तासन्‌तास एका जागी बसून दुखणारच, दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकवून एक-दोन मिनिटं वजन हलकं करा, बेडसोअरसाठीही तेच औषध.

गाडीतून नेताना हा बेल्ट सीटबेल्ट म्हणून चालत नाही. जमत असेल तर गाडीच्या सीटवर बसवा आणि खुर्ची डिकीत. जमतच नसेल तर खुर्ची तोंड पुढे करून चार पट्ट्यांनी गाडीच्या तळाला बांधलेली हवी आणि माणसाला गाडीचा वेगळा बेल्ट. गाडीत बसून न्यायच्या खुर्च्यांच्या चाचणीचं मानक आयएसओ ७१७६ चा भाग १९ आहे, नवीन खुर्ची घेताना ते विचारा.

*आईला डिमेन्शिया आहे, चालता येत नाही हे विसरून उठते आणि पडते. मी तिला खुर्चीला पट्ट्याने बांधून ठेवते. बहीण म्हणते तू क्रूर आहेस. ती आठवड्यातून एकदा येते, चोवीस तास मी असते.*

तुम्ही क्रूर नाही आहात, थकलेल्या आहात. पण पट्टा सोडा. बांधलेला माणूस उठायचं थांबत नाही, तो खुर्चीसकट उठतो आणि खुर्चीसकट पडतो, नाहीतर पट्ट्यात अडकतो, आणि सारखं बांधून ठेवल्याने पायातली उरलीसुरली ताकद जाते म्हणजे पट्टा सोडलेल्या दिवशी पडणं नक्की. पलंगाच्या कठड्याचंही तेच, डोकं ठिकाणावर नसलेला माणूस कठडा ओलांडून जातो आणि मग पलंगाच्या नाही, कठड्याच्या उंचीवरून पडतो. पलंगच खाली करा, बाजूला गादी.

त्या उठतात कधी हे आठवडाभर एका वहीत लिहा, वेळ आणि त्याआधी काय झालं ते, नुसतं तेवढंच. बहुतेक वेळा काहीतरी सापडतं, लघवी लागलेली असते, तहान, बद्धकोष्ठ, दुखणं, नाहीतर समोर भिंत बघून कंटाळा. संध्याकाळी पाचला उठत असतील तर पावणेपाचला तुम्हीच बाथरूमला न्या. हाताला काम द्या, कपड्यांच्या घड्या घालायला, मोडायला, परत घालायला. उठल्यावर वाजणारा अलार्म मिळतो पण तो उठल्यावर वाजतो, तुम्ही शेजारच्या खोलीत असाल तरच उपयोग. एवढं करूनही त्या कधीतरी पडतील. ते तुमच्या हातात नाही. आणि बहिणीला पुढच्या वेळी अख्खे दोन दिवस राहायला बोलवा, तुम्ही बाहेर जा.

*पडल्यावर लगेच उचलावं की नाही? आम्ही दोघं नवरा-बायको वडिलांना दंडाला धरून ओढून उठवतो, त्यात यांची कंबर गेली.*

लगेच नाही. पहिली गोष्ट, तुम्ही खाली बसा, त्यांच्याशेजारी, जमिनीवर. धावपळ थांबते आणि बघता येतं. कुठे दुखतंय, डोकं आपटलं का, शुद्ध नीट आहे का, बोलणं नेहमीसारखं आहे का. मान किंवा पाठ दुखत असेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, पाय हलवताच कळ येत असेल तर हलवू नका, पांघरूण घाला आणि अॅम्ब्युलन्स बोलवा, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल तर वरून काही दिसत नसलं, हसत बोलत असले तरी हॉस्पिटल. आतला रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनी कळतो.

मणक्याला इजा होऊन खालची संवेदना गेलेल्यांसाठी वेगळं लिहिते, कारण यांच्याकडे "दुखत नाही ना, मग झालं" असं म्हणून सोडून देतात. त्यांना दुखणारच नाही. पडल्यावर दोन्ही पाय उघडून बघा, एक सुजलाय, गरम लागतोय, रंग बदललाय, पायांना झटके एरवीपेक्षा जास्त येतायत, यातलं काहीही असलं तर एक्स-रे काढा. आणि इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल आणि पडल्यानंतर डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, घाम, तर बीपी भलतंच वाढलेलं असू शकतं, त्यांना लगेच बसतं करा, घट्ट कपडे-पट्टे सैल करा आणि तातडीने दवाखाना.

काही लागलेलं नसेल तर उठवायचं म्हणजे त्यांना उठू द्यायचं. कुशीवर वळवा, मग हात-गुडघ्यांवर आणा, समोर एक भक्कम न हलणारी खुर्ची ठेवा, साधी, चाकांची नाही. दोन्ही हात तिच्यावर, चांगल्या पायाचं पाऊल पुढे टेकवून उठायचं, आणि दुसरी खुर्ची तुम्ही मागून सरकवायची की लगेच बसतील. तुम्ही फक्त सांगायचं आणि कमरेला आधार. पायात ताकदच नसेल तर दोघांनी ओढू नका, चार माणसं आणि मजबूत चादर, नाहीतर माणूस उचलायचं यंत्र, होइस्ट, असतं ते, नाहीतर मदत येईपर्यंत उशी-पांघरूण देऊन तिथेच. कंबर गेलेल्या मुलाचा वडिलांना काही उपयोग नाही.

घरात कोणी नसताना पडले तर? त्याची तयारी आधी करा. तासाच्या वर जमिनीवर पडून राहणं हे पडण्याइतकंच वाईट, अंग गारठतं, पाणी कमी होतं, दाबाने कातडी आणि स्नायू खराब होतात, स्नायूंचं तर किडनीवर जातं. फोन टेबलावर नको, गळ्यात नाहीतर खिशात. शेजाऱ्याकडे किल्ली.

*एकदा पडले त्याला वर्ष झालं, काही झालं नव्हतं, पण तेव्हापासून खुर्चीतून उठतच नाही. मुलगा म्हणतो नकोच उठूस, सेफ आहेस.*

काकू, मुलाला माझा निरोप द्या की बसून राहणं सेफ नाही. पडायच्या भीतीने हलायचं बंद होतं, हललं नाही की मांड्या बारीक होतात, आणि त्या बारीक मांड्यांवर एक दिवस बाथरूमला जावंच लागतं. फिजिओकडून तपासून घ्या, एक अगदी साधी परीक्षा आहे, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, काठी किंवा वॉकर असेल तर तो घेऊन. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. तुम्हाला ४० लागले तरी चालेल, निदान पुढच्या महिन्यात ३५ झाले का हे कळेल. तोवर घरी, समोर जड टेबल, मागे ब्रेक लावलेली खुर्ची, फूटरेस्ट बाजूला, मुलगा शेजारी, आणि हाताने आर्मरेस्ट दाबून फक्त उठायचं आणि बसायचं, पाच वेळा. तेवढंच.

*इलेक्ट्रिक खुर्ची आहे, ती उतारावर आपोआप पळाली, ब्रेक का लागला नाही?*

ढकलायच्या मोडवर राहिली असणार. मोटरपाशी एक खटका असतो, हाताने ढकलता यावी म्हणून मोटर चाकापासून सोडवणारा, तो सोडला की ब्रेकही सुटतो. कोणीतरी ढकलून नेली असणार आणि खटका परत लावला नाही. आणि उठता-बसताना पॉवर बंद, शालीचं टोक जॉयस्टिकला लागलं तरी ती निघते.

*घडीची खुर्ची उघडताना बोट चेमटलं, नख काळं पडलंय. सगळ्यांचं होतं का असं?*

होतं. १९३३ मध्ये हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी ती एक्ससारखी घडी होणारी खुर्ची काढली, एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातानंतर व्हीलचेअरवर होता, तेव्हापासून बोटं चेमटतायत. सीटच्या दोन्ही कडांच्या दांड्यांवर वरून तळहात ठेवून दाबायचं, बोटं आतल्या बाजूला सीटवर, दांडीखाली मुठ वळवायची नाही. घडी घालताना आधी फूटरेस्ट वर, कुशन बाजूला, मग सीटचं कापड मधोमध पुढून-मागून धरून वर ओढा. आणि उघडल्यावर दोन्ही दांड्या आपल्या खाचेत पूर्ण बसल्यात का ते एकदा वाकून बघा, अर्धवट बसलेली दांडी माणूस बसल्यावर खटकन खाली जाते आणि तेव्हा कोणाचं तरी बोट तिथे असतंच.